अणुवीज केंद्राची कंट्रोल रूम माणसासाठी नीट आहे का, हे तपासायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी सोलापुरात इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूमच्या रचनेतल्या मानवी घटकांचं मूल्यमापन, असा प्रोजेक्ट घेतलाय. अमेरिकन नियामकाची चेकलिस्ट मिळाली आहे. इंटरनेटवरचे कंट्रोल रूमचे फोटो घेऊन त्यांवर टिकमार्क करत गेलो तर चालेल का? गाईड म्हणतात, शेवटी एक आकडा यायला हवा. तो कोणत्या पद्धतीने काढू? प्रत्यक्ष केंद्रात जायला मिळणार नाही."

वयाने बराच लहान आहेस, म्हणून सरळ तू म्हणते. फोटोवर टिकमार्क करून चालणार नाही. चेकलिस्ट वाईट नसते, मी नोकरीभर वापरली. पण ती पॅनेल तपासते. पॅनेलसमोरच्या माणसाला रात्री तीन वाजता नेमकं काय ठरवायचं आहे, हे तिला माहीत नसतं. अक्षरं मोठी, रंग ठरल्याप्रमाणे, लेबलं जागच्या जागी, सगळ्या चौकटींत बरोबरची खूण, आणि तरीही ऑपरेटर फसतो. हे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या उदाहरणात घडलं आहे. ते तुला ऐकून माहीत असेल, पण तपासणाऱ्याच्या नजरेने पुन्हा बघ.

२८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये मुख्य फीडवॉटर, म्हणजे वाफ बनवायला जाणारं पाणी, बंद पडलं, टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे बंद पडलं, अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या प्राथमिक वर्तुळातला दाब चढला आणि हा दाब सांभाळणाऱ्या प्रेशरायझर नावाच्या टाकीवरचा, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर काही सेकंदांत तो मिटायला हवा होता. तो अडकला, उघडाच राहिला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाला, सोलेनॉइडला, वीज जातेय की नाही, एवढंच तो सांगायचा. मिटण्याचा हुकूम गेला होता, आणि ऑपरेटरने वाचलं की व्हॉल्व्ह मिटला. दुसरं कोणीही तसंच वाचलं असतं. आपल्याकडे उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोबाईल स्टार्टरवरून 'मोटर चालू' असा निरोप येतो, पण बोअर आटलेली असते आणि पाटात थेंब नसतो. म्हणून तो कुणाला तरी पाटावर बघायला पाठवतो.

कंटेनमेंटच्या, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीच्या, आत असं कुणाला पाठवता येत नाही. मग पाटासारखी दुसरी खूण पॅनेलवर होती का? होती. व्हॉल्व्हमधून निघालेली वाफ ज्या टाकीत जाते, त्या ड्रेन टँकचा दाब, पातळी आणि तापमान दाखवणारी मीटरं होती. ती मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होती. व्हॉल्व्हनंतरच्या पाइपचं तापमानही चढलेलं दिसत होतं, पण तिथे आधीपासूनच थोडी गळती होती आणि ते नेहमीच चढलेलं असायचं, त्यामुळे त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म आले. अलार्म छापणारा प्रिंटर तासाच्या वर मागे पडला. आपत्कालीन फीडवॉटरचे व्हॉल्व्ह बंद राहिले होते, आणि ते दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एक देखभालीच्या पिवळ्या टॅगखाली झाकला होता. प्रेशरायझरमधली पाण्याची पातळी वर चढत होती. "ती पूर्ण भरू देऊ नका" असं प्रशिक्षणात ठसवलेलं. म्हणून ऑपरेटरनी अणुभट्टीत जाणाऱ्या आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला, आणि अणुभट्टीचा गाभा पाण्याबाहेर उघडा पडायला लागला. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या अलीकडचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद झाला तो सव्वादोन तासांनी, नव्या पाळीचा सुपरवायझर आल्यावर.

आता तुझी चेकलिस्ट घे आणि यातलं काय काय सापडलं असतं ते बघ. झाकलेला दिवा सापडला असता. मागच्या पॅनेलवरची मीटरं कदाचित. पण तो फसवा दिवा? आकार बरोबर, रंग बरोबर, लेबल वाचता येतं. तो पास झाला असता. त्याला पकडायला वेगळा प्रश्न लागतो: "व्हॉल्व्ह मिटला याची खात्री करायला ऑपरेटरला काय कळायला हवं, आणि पॅनेल त्याला प्रत्यक्षात काय सांगतं?" हा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला कार्य-विश्लेषण म्हणतात. माझ्या मते निम्मं मूल्यमापन तिथेच होतं. मी जी जी रिव्ह्यूची कामं पाहिली, त्यांत पैसा आणि दिवस कलर स्कीमवर जायचे आणि कार्य-विश्लेषण शेवटच्या आठवड्यात उरकलं जायचं. तू तसं करू नकोस.

आणखी एक गोष्ट. त्याच कंपनीने बांधलेल्या डेव्हिस-बेसी केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये असाच रिलीफ व्हॉल्व्ह अडकला होता. तिथे अणुभट्टी कमी शक्तीवर होती आणि ऑपरेटरना लवकर उमगलं, म्हणून निभावलं. पण तो अनुभव थ्री माईल आयलंडच्या ऑपरेटरपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून आज कुठल्याही मूल्यमापनात सुरुवातीलाच मागच्या घटनांचा आढावा घ्यावा लागतो.

चौकट कुठली घ्यायची, हे थोडक्यात सांगते. अमेरिकन नियामकाची न्यूरेग-०७०० ही तुझ्याकडची चेकलिस्ट. १९८१ मध्ये आली, आता तिची तिसरी सुधारित आवृत्ती आहे. तिच्या जोडीची न्यूरेग-०७११ जास्त महत्त्वाची. ती पूर्ण प्रक्रिया सांगते आणि तिच्या २०१२ च्या आवृत्तीत बारा घटक आहेत. घटनांचा आढावा, कुठलं काम माणसाचं आणि कुठलं यंत्राचं हे ठरवणं, कार्य-विश्लेषण, मनुष्यबळ, इंटरफेस, कार्यपद्धती, प्रशिक्षण, मग पडताळणी आणि प्रमाणीकरण, असा तिचा प्रवास आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं एसएसजी-५१ हे २०१९ चं मार्गदर्शक छोटं आहे, ते आधी वाच. कंट्रोल रूमच्या रचनेसाठी आयईसी ६०९६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्याकडे परवानगी देणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी. एवढं पुरे. प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं प्रकरण मानकांच्या यादीने भरायचा मोह आवर.

कार्य-विश्लेषण कसं दिसतं ते एका उदाहरणाने दाखवते. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत विजेचे चार वर्ग असतात. वर्ग चार म्हणजे ग्रिडकडून येणारी नेहमीची वीज, वर्ग तीन डिझेल जनरेटरच्या आधाराची, वर्ग दोन इन्व्हर्टरवरची अखंड एसी, आणि वर्ग एक म्हणजे बॅटरीची डीसी. समज, वर्ग चार गेला. अणुभट्टी ट्रिप होते, मुख्य पंप थांबतात, डिझेल सुरू व्हायला हवेत. कार्यपद्धतीत ओळ असते, "डिझेल जनरेटर बसवर आल्याची खात्री करा." (बस म्हणजे जिथून वीज पुढे वाटली जाते ती मुख्य पट्टी.) वाचायला दोन सेकंद. आता ती ओळ सोलून बघ. खात्री कशावरून? ब्रेकरच्या लाल दिव्यावरून? तो ब्रेकर जोडला गेल्याचं सांगतो, लोड घेतल्याचं सांगत नाही. मग बस व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, लोडचा करंट. ही मीटरं एका नजरेत दिसतात की माणसाला उठून इलेक्ट्रिकल पॅनेलपर्यंत चालत जावं लागतं? त्याच वेळी दुसऱ्या पॅनेलवर स्टीम जनरेटरच्या पातळीकडे लक्ष कोण ठेवतंय? मीटरं स्वतः कुठल्या वर्गाच्या विजेवर चालतात? एक डिझेल आलं आणि दुसरं आलं नाही, तर पॅनेल बघताक्षणी ते वेगळं दिसतं का, की दोन्ही रांगा सारख्याच वाटतात? चुकून सुरू असलेल्या डिझेलचाच ब्रेकर उघडला तर किती वेळात लक्षात येईल? एका ओळीसाठी एवढे प्रश्न. त्यांचा तक्ता कर: काय ठरवायचं, त्यासाठी काय कळायला हवं, ते कुठे दिसतं, किती वेळ हाताशी आहे, सोबत दुसरं काय चाललंय, चूक झाली तर कशी कळेल.

हे कागदी उदाहरण वाटत असेल तर उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र बघ. ३१ मार्च १९९३ ला पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाची आग लागली, केबल जळत गेल्या आणि युनिटची सगळी वीज जवळजवळ सतरा तास गेली. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला आणि लोकांना ती सोडावी लागली. ऑपरेटरनी अणुभट्टी आधीच हाताने ट्रिप केली होती, आणि पुढचं बरंचसं काम कंट्रोल रूमबाहेर, अंधारात, हाताने झालं. म्हणून मूल्यमापन करताना मुख्य कक्षाच्या दारात थांबता येत नाही. धूर आला तर माणसं कुठे जातात, तिथे काय दिसतं, वाटेत दिवे आहेत का, फोन चालतो का, हे सगळं त्यात येतं. फुकुशिमातही २०११ मध्ये डीसी वीज गेल्यावर मीटरं मेली आणि कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या आणून काही मीटरं जिवंत केली. मीटर कुठल्या विजेवर चालतं, हा प्रश्न तक्त्यात का घातला ते कळलं असेल.

चेकलिस्टचा भाग मी टाकून देत नाही. त्यातल्या काही गोष्टी हिशेबाने पटतात. अक्षर डोळ्यापाशी किमान १५ मिनिटांचा कोन करायला हवं, २० असेल तर उत्तम. म्हणजे तीन मीटरवरून वाचायचं लेबल किमान १३ मिलिमीटर, आणि आरामात वाचायचं तर साडेसतरा मिलिमीटर उंच. कक्षातला पार्श्वभूमीचा आवाज ६५ डेसिबलच्या वर नको, नाहीतर माणसं ओरडून बोलतात आणि आकडे चुकतात. रंगांचं भान ठेव: आपल्या इलेक्ट्रिकल पॅनेलवर लाल म्हणजे ब्रेकर जोडलेला, सर्किट चालू, हिरवा म्हणजे सर्किट तुटलेलं. दुसऱ्या उद्योगातून आलेल्या माणसाच्या डोक्यात हिरवा म्हणजे चालू असतो. कुठली रीत बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण एकाच कक्षात दोन रीती असतील तर ती नोंद पहिल्या पानावर हवी. शरीरमापंही बघ. परदेशी मापांवर बांधलेल्या उभ्या पॅनेलची वरची ओळ मला टाचा उचलल्याशिवाय कधी धड वाचता आली नाही, आणि आता शिफ्टमध्ये बायका पूर्वीपेक्षा जास्त आहेत. भारतीय मापांची माहिती अहमदाबादच्या एनआयडीने, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आहे, ती वापर. शंभरात पाचच जणी जिच्यापेक्षा बुटक्या असतील अशा बाईपासून शंभरात पाचच जण ज्याच्यापेक्षा उंच असतील अशा पुरुषापर्यंत सगळ्यांचा हात आणि नजर पोहोचते का, हे ड्रॉइंगवरही मोजता येतं. आणि ऑपरेटरनी पॅनेलवर स्वतःच्या हाताने काय काय चिकटवलंय ते बघ. अमेरिकेत एका केंद्रातल्या ऑपरेटरनी एकसारखे दिसणारे दोन लिव्हर ओळखता यावेत म्हणून त्यांना बिअरच्या नळांच्या वेगवेगळ्या मुठी बसवल्या होत्या. टेपची पट्टी, मार्करची खूण, हाताने लिहिलेली चिठ्ठी, यातलं प्रत्येक म्हणजे ऑपरेटरने फुकट करून दिलेलं मूल्यमापन असतं. तपासणीच्या आदल्या दिवशी हे सगळं पुसून पॅनेल चकाचक करतात, याचा मला फार राग यायचा.

अलार्मबद्दल दोन आकडे लक्षात ठेव. ब्रिटनच्या ईईएमयूए १९१ या मार्गदर्शकानुसार, स्थिर चालू असताना एका ऑपरेटरला दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म नसावा, आणि गडबडीनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत दहापेक्षा कमी असावेत. हे मार्गदर्शक येण्यामागे वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीतला १९९४ चा स्फोट होता. स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरसमोर २७५ अलार्म आले होते. अणुवीज केंद्रात ट्रिप झाल्यावर दहाच्या आत राहणं कठीण असतं. म्हणून तिथे ट्रिपमुळे अपेक्षितच असलेले अलार्म दाबायचे, उरलेल्यांना अग्रक्रम द्यायचा आणि सगळं ठीक चालू असताना बोर्ड काळा, म्हणजे एकही अलार्म-दिवा न लागलेला, ठेवायचा, असं करतात. तपासायची सोपी रीत: प्रत्येक अलार्मपुढे "हा आला की ऑपरेटरने काय करायचं?" असं लिही. उत्तर "काही नाही, माहितीसाठी" असेल, तर तो अलार्म असायला नको. अर्धी यादी अशीच निघते.

यानंतरची पायरी म्हणजे एकात्मिक प्रमाणीकरण. पूर्ण आकाराच्या सिम्युलेटरवर खरे परवानाधारक ऑपरेटर, खऱ्या कार्यपद्धती हातात, आणि आधी न सांगितलेला प्रसंग. चार गोष्टी सांभाळ. यशाचे निकष चाचणीआधी लिहून ठेवायचे, नंतर नाही. डिझाइन करणाऱ्यांनीच निकाल द्यायचा नाही. प्रसंग पुस्तकी नको: दोन बिघाड एकाच वेळी, एक मीटर खोटं बोलणारं, मधेच फोन. आणि सरासरी काढून समाधान मानायचं नाही. बहुतेक क्रूंनी वेळेत काम केलं आणि एकाच क्रूने चुकीचा पंप थांबवला, तर सगळ्यात आधी तो एक क्रू बघायचा. मोजायचं काय? केंद्राची स्थिती मर्यादेत राहिली का, महत्त्वाच्या कृतीला किती वेळ लागला, चुका किती आणि त्यातल्या किती स्वतःच्या स्वतः लक्षात आल्या. परिस्थितीचं भान मोजायला सिम्युलेटर मधेच गोठवून पडदे काळे करतात आणि विचारतात, "आता प्राथमिक दाब किती, चढतोय की उतरतोय?" कामाचा ताण मोजायला नासा-टीएलएक्स ही प्रश्नावली: सहा मापं, प्रत्येकी शून्य ते शंभर. या टीएलएक्सच्या आकड्याला लोक फार भाव देतात. तो दोन पर्यायांची तुलना करायला बरा. एकटा ५८ आकडा काहीच सांगत नाही. माझ्या अनुभवात खरा माल निघायचा तो चाचणीनंतरच्या गप्पांत, रेकॉर्डिंग पुन्हा लावून "इथे तू थांबलास, तेव्हा काय शोधत होतास?" असं विचारलं की.

आता तुझ्या गाईडांना हवा असलेला आकडा. माणसाच्या चुकीची शक्यता काढायची स्पार-एच नावाची पद्धत २००५ ची, शिकायला सोपी. निदानात चूक होण्याची मूळ शक्यता ०.०१, कृतीत ०.००१. ती आठ घटकांनी गुणायची: वेळ, ताण, गुंतागुंत, प्रशिक्षण, कार्यपद्धती, इंटरफेस, शारीरिक स्थिती, कामाची पद्धत. इंटरफेस वाईट असेल तर १० ने, नसेलच किंवा दिशाभूल करत असेल तर ५० ने. थ्री माईल आयलंडचा तो दिवा यात घाल: ०.०१ गुणिले ५० म्हणजे ०.५. बाकी सगळे घटक नेहमीसारखे, म्हणजे गुणक १, धरले तरी दोनातला एक ऑपरेटर फसणार, असं गणित सांगतं. हा आकडा रिपोर्टात जरूर दे, पण क्रम लावण्यासाठी. कुठली त्रुटी आधी दुरुस्त करायची हे त्यातून ठरतं. शेवटच्या पानावर "कंट्रोल रूमचा मानवी घटक गुणांक ७.२" असं काही छापू नकोस, त्याला अर्थ नसतो.

पडद्यांवर चालणाऱ्या नव्या कंट्रोल रूमचं मूल्यमापन वेगळं पडतं. जुन्या पॅनेलवर सगळं सतत समोर असायचं, आणि सहकारी कुठल्या पॅनेलपाशी उभा आहे यावरून तो काय करतोय हे कळायचं. पडद्यावर एका वेळी एकच खिडकी दिसते. हवं ते पान शोधण्यात, खिडक्या सरकवण्यात वेळ जातो. तो वेळ वेगळा मोज. मोठा सामायिक पडदा असेल तर त्यावर काय कायम दिसतं, हे बघ.

तुझ्या हातात काय आहे, ते आता. अणुवीज केंद्राच्या आतले फोटो मिळवायच्या मागे लागू नकोस. ती सुरक्षेची बाब आहे आणि तुला त्यांची गरजही नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था शिक्षणासाठी साध्या संगणकावर चालणारे अणुभट्टीचे सिम्युलेटर देते, जड पाण्याच्या अणुभट्टीचाही त्यात आहे. कॉलेजमार्फत मागणी कर. त्यावर एकच प्रसंग घे आणि त्याचे दोन पडदे बनव, एक हुकूम दाखवणारा, एक स्थिती दाखवणारा. वर्गमित्रांना बसव, बिघाड ओळखायला लागलेला वेळ मोज. विद्यार्थी म्हणजे ऑपरेटर नव्हेत, हे रिपोर्टात स्पष्ट लिही.

आणि माणसं बघायला सोलापूर सोडायची गरज नाही. जिल्ह्यात साखर कारखाने पायलीला पन्नास आहेत, बऱ्याच ठिकाणी सहवीजनिर्मितीचा बॉयलर आणि टर्बाइन आहे. गाळप हंगामात परवानगी काढून रात्रपाळीला कंट्रोल रूमच्या एका कोपऱ्यात बस. फताटेवाडीचं एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, शैक्षणिक भेटीसाठी अर्ज करून बघ. तेही जमलं नाही तर शहराच्या पाणीपुरवठ्याचं पंपहाऊस. बटणाला हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, वही घेऊन बसायचं. आपल्या गावात एक जादा फायदा आहे. इथल्या शिफ्टमध्ये एक जण मराठीत विचारतो, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देतो, तिसरा तेलुगूत ओरडतो, आणि पॅनेलवरची लेबलं इंग्रजी. सूचना मिळाल्यावर समोरचा ती परत म्हणून दाखवतो का, आकडा परत म्हणतो का, की नुसतं "हां हां" करून निघतो? अणुवीज केंद्रात सूचना तीनदा फिरते: सांगणारा सांगतो, ऐकणारा परत म्हणतो, सांगणारा "बरोबर" म्हणतो. तुझ्या वहीत दर तासाला किती सूचना अशा पूर्ण फिरल्या आणि किती अर्ध्यावर सुटल्या, हे लिही.

पडद्यांची डिझाइनं मला आत्ताच पाठवू नकोस. आधी वर्ग चार गेल्याच्या प्रसंगाचा तक्ता पाठव, हाताने लिहिलेला चालेल. त्यात "चूक झाली तर कशी कळेल" हा रकाना एकाही ओळीत रिकामा असेल, तर तिथून बोलायला सुरुवात करू.